तिसरी रेघ

मोजकाकांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस त्या प्रयोगशाळेत उरलंच नव्हतं. खिशात पेनाशेजारी कायम एक स्टीलची मोजपट्टी, आणि दिसेल ते मोजायची खोड. कुणी म्हणालं, "काका, ती बाटली जरा पलीकडे सरकवा," की हे विचारणार, "किती?" असल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? सव्वीस वर्षं नोकरी झाली, केस गेले, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, म्हणजे पुढे घोळ नको. काकांना लाल रंग दिसत नसे. जन्मापासूनच. बाकी नजर घारीची. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा ते खोलीच्या दुसऱ्या टोकावरून सांगत. निळा त्यांना निळाच दिसे, हिरवा पिवळट दिसे, पण लाल म्हणजे काळोखाचा सख्खा भाऊ. लाल वायर आणि काळी वायर शेजारी ठेवा, काकांच्या लेखी दोन्ही काळ्याच.

मग प्रयोगशाळेत नोकरी लागली कशी? तर तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं, पहिलं पान सगळ्यांनाच दिसतं तसलं होतं, काकांनी ते वाचलं, आणि तेवढ्यात डॉक्टरांना घरून फोन आला. डॉक्टर बोलता बोलता सही करून मोकळे झाले. त्या एका फोनवर काकांचा संसार उभा राहिला म्हणा ना. पण तेव्हापासून मानगुटीवर भूत बसलं ते बसलं. कुणाला कळलं तर? या वयात कोण ठेवून घेणार?

कळलं होतं ते फक्त बायकोला. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत काकांनी तिच्यासाठी हौसेनं स्वेटर आणला होता. चांगला सोज्वळ तपकिरी आहे, असं त्यांना वाटलं. तो होता लालभडक. ती माउली एक शब्द न बोलता अख्खी थंडी तो घालून हिंडली आणि मग एक दिवस दुकानांच्या रंगीत पाट्यांपुढे उभं करून नवऱ्याची परीक्षा घेतली. "अहो, सांगून टाका एकदा बाईंना," असं ती वर्षातून दोनदा तरी म्हणायची. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही." काका म्हणायचे, "निवृत्तीला तीन वर्षं राहिली. तेवढी जाऊ दे."

बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. हुशार, बारीक, आणि नियमांच्या बाबतीत महाखट. त्यांचे दोन नियम तर साऱ्या इमारतीत चेष्टेचा विषय होते. पहिला: दिव्यापाशी कायम दोघं; एकानं बघायचं, दुसऱ्यानं कापायचं. दुसरा: रंगाचं नाव घ्यायचं नाही, मिलिमीटर सांगायचे. नवी मुलं वैतागायची. समोर ढळढळीत हिरवी रेघ दिसतेय आणि म्हणायचं काय, तर "अठ्ठावन्न ते चौसष्ट"! पण बाईंपुढे बोलायची कुणाची टाप होती? काकांना मात्र हे नियम म्हणजे देवानं दिलेली कवचकुंडलं. कापायचं काम ठरलेलं त्यांचं. कुणीतरी आकडे सांगायचं, हे पट्टी लावून कापायचे, आणि केसाचीही चूक व्हायची नाही.

काम काय होतं तेही सांगतो, अवघड नाही. इतके बारीक कण, की लाखभर एका रांगेत उभे केले तरी तांदळाच्या दाण्याची लांबी भरायची नाही. त्यांच्यावर जांभळा दिवा धरला की ते चमकतात: लहान असेल तो हिरवा, मधला केशरी, मोठा लाल. तयार होताना मात्र सगळे एकत्रच होतात, लहानथोर एका बाटलीत. त्यांना वेगळं करायचं तर एक पांढरी पूड पाण्यात उकळायची, साच्यात ओतायची, थिजली की तिची लिबलिबीत वडी होते. वडीच्या एका टोकाला खाच असते, तिच्यात कण सोडायचे, वडी खारट पाण्यात बुडवायची आणि दोन टोकांना वीज लावायची. कणांवर ऋण भार असतो, ते धन टोकाकडे पळतात. वडीच्या आत जाळंच जाळं. लहान कण गर्दीतल्या पोरांसारखे सुळकन पुढे जातात, मोठे अडखळत मागे राहतात. पाऊण तासानं वीज बंद करून दिवा धरला की वेगवेगळ्या रेघा दिसतात. कापा आणि घ्या.

या खेपेचे कण होते टकळीचे. टकळी म्हणजे बाईंची विद्यार्थिनी. तोंड एकदा सुरू झालं की बंद करायचं बटण सापडत नसे म्हणून हे नाव, आणि तिनंही ते हसत घेतलेलं. पाच वर्षं ती एकाच गोष्टीमागे होती. शल्यविशारद गाठ काढताना आजार पसरलाय कुठवर ते शोधत बसतात. तिथे हे कण टोचले तर चमकून वाट दाखवतील. पण त्याला मोठे, लालच हवेत. हिरवा उजेड मांसाच्या आतच मरतो. लाल बाहेर येतो. तळहातामागे बॅटरी धरली की हात लाल दिसतो, तसंच. काकांनी आयुष्यात कितीदा तळहातामागे बॅटरी धरून बघितली होती. त्यांना मेला मातकट अंधार दिसायचा.

कण बनवून देणारे म्हातारे रसायनतज्ज्ञ आता काम सोडून मुलीकडे राहायला गेले होते. जाताना त्यांनी टकळीच्या हातावर शेवटची बाटली ठेवली. करंगळीएवढी. शल्यविशारदांनी चाचणीसाठी पुढच्या आठवड्याची तारीख दिलेली. एकच बाटली, एकच वडी, दुसरी संधी नाही.

त्या दिवशी बाई सकाळपासून बैठकीला बाहेर. बाकीची मुलं सुटीवर. टकळीनं कण खाचेत सोडले, वीज लावली, आणि तेवढ्यात इस्पितळातून फोन आला: शल्यविशारद आत्ता मोकळे आहेत, येऊन बोला.

"काका, मी अर्ध्या तासात आलेच. येतेच. नाही आले तर पंचेचाळीस मिनिटांनी वीज बंद करा हं, नाहीतर हिरवे पळून जातील पाण्यात. आणि माझ्यासाठी थांबा. म्हणजे फार नका थांबू, रेघा फुगतात. पण थांबा."

"अगं, थांबू की नको थांबू?"

"थांबा!" असं जिन्यातून ऐकू आलं.

पंचेचाळीस मिनिटं झाली. काकांनी वीज बंद केली. टकळीचा पत्ता नाही. फोन लावला तर बंद. इस्पितळात बंदच ठेवतात. दहा मिनिटं गेली, वीस गेली. थांबलं की कण आपोआप पसरायला लागतात, रेघा एकमेकींत मिसळतात, मग कापून उपयोग शून्य. काका खोलीत येरझाऱ्या घालू लागले. शेवटी पडदा ओढला, चष्म्यावर दिव्यापासून डोळे राखणारा दुसरा चष्मा चढवला आणि दिवा लावला.

दिवा नवा होता, मागच्याच महिन्यात आलेला, झगझगीत. आणि काय सांगू, काकांना दोन रेघा दिसल्या. एक पुढे, लख्ख. दुसरी मागे, मंद, पण होती. खरंच होती. सव्वीस वर्षं या टेबलापाशी उभं राहून त्यांना मागचं काही धड दिसलं नव्हतं. कुणीतरी आकडा सांगायचं आणि हे अंधार कापायचे. आज त्यांना वाटलं, अरे, ही मंद मंद दिसतेय ती लालच की. नव्या दिव्याच्या जोरावर मला लाल दिसला! त्यांना केवढा आनंद झाला! त्यांनी पट्टी लावली, दोन्ही रेघा सुरेख कापल्या, दोन नळ्यांत भरल्या. एकीवर लिहिलं "लहान", दुसरीवर "मोठे". वहीत नोंद केली, दोनच रेघा आढळल्या म्हणून. उरलेली वडी विषारी कचऱ्याच्या पिशवीत गेली, पिशवी खाली अंगणातल्या शेडमध्ये. चार वाजता गाडी येते, वेळच्या वेळी सगळं खाली नेणं हेही काकांचंच काम.

साडेतीनला टकळी धापा टाकत आली. "सॉरी, सॉरी, सॉरी काका. डॉक्टरांनी सोडलंच नाही. कापलं? वा! तुम्ही म्हणजे ना..." तिनं "मोठे" लिहिलेली नळी दिव्याखाली धरली आणि बोलता बोलता थांबली.

"हे केशरी आहेत," ती म्हणाली. बाई नसल्यानं तिनं रंगाचं नाव घेतलं. "हे मधले आहेत, काका. यांच्या मागे काही नव्हतं?"

"नव्हतं," काका म्हणाले. तेव्हा त्यांना तसंच वाटत होतं.

ती स्टुलावर बसली. वही उघडून दोन ओळी वाचल्या, मग मिटली. "मीच घोळ घातला. परवा बाटली फ्रीजरमध्ये ठेवली होती एक रात्र. मोठे एकमेकांना चिकटून खाचेतच गोळा झाले असणार. कुणी सांगितलं होतं मला शहाणपण करायला?" तिनं डोळे पुसले. "पण सकाळी बाटली तर छान दिसत होती हो. नुसते हिरवे नि केशरी मिसळून एवढा तांबूसपणा येतो का? माझ्याच मनाचे खेळ. जाऊ दे. डॉक्टरांना कळवते तारीख सोडून द्या म्हणून." तिनं फोन काढला.

काका तांबूसपणा या शब्दाशी अडले. सकाळची बाटली त्यांनीही बघितली होती. त्यांना ती मंद पिवळी दिसली होती. तांबूसपणा म्हणे. म्हणजे लाल होता. बाटलीत होता, तर वडीतही होता. आणि वडीत ज्या जागी त्यांना काळोख दिसला त्या जागी तो बसलेला होता. तो आता खाली शेडमध्ये पिशवीत होता. घड्याळात साडेतीन वाजून आठ मिनिटं झाली होती.

आता बघा, गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पोरीनं दोष स्वतःच्या डोक्यावर घेतलाच होता. बावीस मिनिटांत गाडी पुरावा घेऊन गेली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची. काकांच्या मनात हे आलं नाही असं मी म्हणणार नाही; आलं, चांगलं दोन मिनिटं घर करून राहिलं. तीन वर्षं राहिलीत, मन म्हणालं. टकळी फोनवर नंबर शोधत होती.

"फोन ठेव," काका म्हणाले.

"काय?"

"फोन ठेव आधी. मला लाल दिसत नाही."

टकळीनं फोन टेबलावर ठेवला.

"जन्मापासून दिसत नाही. मला ते काळं दिसतं. केशरी मंद दिसलं, मी त्यालाच लाल समजलो. तुझे मोठे कण वडीत असणार. मी फेकलेत ते. खाली आहेत, पिशवीत. चारला गाडी येते. तुला मला जे बोलायचंय ते नंतर बोल, आत्ता चल."

टकळीनं तो बॅटरीवरचा दिवा, चष्मे आणि एक डबी उचलली, काकांनी कापायचं पातं घेतलं, आणि दोघं जिना उतरू लागले. साठीला टेकलेला माणूस दोन दोन पायऱ्या एकदम उतरतोय हे दृश्य इमारतीनं पहिल्यांदाच पाहिलं असेल. खाली पोचले तर गाडी आज वेळेआधीच दारात! ड्रायव्हर पिशव्या आत टाकायला लागला होता.

"थांबा हो दादा," काका ओरडले. "त्यातली एक आमची आहे."

"सगळ्या तुमच्याच आहेत," ड्रायव्हर म्हणाला. यात खोटं काही नव्हतं.

पिशवी कुठली ते काकांना पक्कं ठाऊक होतं. गाठीपासून दोन बोटं सोडून ते तारीख लिहीत. हातमोजे चढवून त्यांनी ती सोडली. आत आठवडाभराच्या वड्यांचा चिखल, पण आजची सगळ्यात वर, तीन तुकडे झालेली. प्रश्न उजेडाचा. भर दुपारी कण काय दिसणार? मग टकळीनं आपला पांढरा कोट काढला, दोघांच्या डोक्यावर घेतला, वरून काकांचा कोट, आणि त्या अंधारात चष्मे लावून दिवा पेटवला. ड्रायव्हर कमरेवर हात ठेवून बघत राहिला. कचऱ्याच्या शेडमध्ये एक काका आणि एक पोरगी डोक्यावर दोन कोट घेऊन बसलेत, त्यानं तरी काय समजायचं?

पहिला तुकडा. "काही नाही," टकळी म्हणाली. दुसरा. तोही रिकामा. तिसरा तुकडा तिनं उचलला आणि तिचा श्वास अडकलेला काकांना ऐकू आला.

"आहे," ती म्हणाली. "काका, आहे. पूर्ण आहे. कडेला जरा चेपलीये, बाकी अख्खी."

"आकडे सांग," काका म्हणाले.

"बावीस ते सत्तावीस."

कोटाच्या आत, गुडघ्यावर डबीचं झाकण ठेवून, काकांनी पट्टी लावली आणि आपल्याला न दिसणारी रेघ कापली.

वर आले तेव्हा बाई परतल्या होत्या आणि उघड्या वहीपाशी उभ्या होत्या. टकळी तोंड उघडणार तोच काकांनी तिला हातानं थांबवलं. हे त्यांचं त्यांनाच बोलायचं होतं. त्यांनी सगळं सांगितलं, ठिपक्यांच्या पुस्तकापासून शेडपर्यंत. "सव्वीस वर्षं मी तुम्हाला फसवलं, बाई," ते म्हणाले. "काढून टाकायचं असेल तर टाका. फक्त हिच्या कामात खोट धरू नका."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "फसवलं कुणाला? मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं."

काका उभे होते ते बसले.

"तुमच्या पहिल्या वहीत मी लाल शाईनं दुरुस्त्या केल्या होत्या," बाई म्हणाल्या. "तुम्ही ती वही उतरवून काढलीत. तुमचं काळ्या शाईतलं चुकीचं आणि माझं लाल शाईतलं बरोबर, दोन्ही एकापाठोपाठ, सुवाच्य अक्षरात. मी आधी हसले. मग डोक्यात प्रकाश पडला."

"मग ते नियम..."

"दोघं उभे करायचे, मिलिमीटर बोलायचे, धन टोकाच्या लाल वायरीला दोरा बांधायचा. मग काय, मला हौस होती?"

"मला बोलला नाहीत कधी."

"तुम्ही सांगितलं नव्हतंत. माणसानं झाकून ठेवलेलं मी कशाला उघडू? आज चुकलं ते मात्र दोघांचंही. तुम्ही एकट्यानं कापलंत, आणि ही तुम्हाला एकटं सोडून गेली." टकळीनं मान खाली घातली. "पण एक ऐका. इतर प्रयोगशाळांच्या वह्यांत काय असतं? 'लालसर रेघ घेतली.' एकाचं लालसर दुसऱ्याला केशरी. मग तेच काम पुन्हा करायला गेलं की जमत नाही. आपलं काम सव्वीस वर्षं कुणीही, कुठेही, वही समोर ठेवून करू शकलंय. ते कुणामुळे? नियम तुमच्यासाठी केले, कल्याण माझं झालं. काढून टाकते म्हणे."

काकांना बोलायचं होतं. आभार वगैरे शब्द त्यांच्या तोंडाला कधी लागलेले नव्हते; घरात कुणी कुणाचे आभार मानत नाही, आणि कामावर मानायचे ते पत्रात. "बाई," ते कसेबसे म्हणाले, "तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर. मला माहीतच नव्हतं की आहेत. रोज घेत होतो आणि माहीत नव्हतं." आणि मग चष्म्याखाली बोट घालून डोळे पुसायला लागले, ते थांबेनात. बाई खिडकीकडे वळल्या. त्याही काही दगडाच्या नव्हत्या.

"वहीत दुरुस्ती करा," जरा वेळानं त्या म्हणाल्या.

"कुठल्या शाईनं?"

"कुठल्याही. खरं लिहा म्हणजे झालं."

काकांनी लिहिलं, सावकाश. तोवर टकळी कोपऱ्यात पडद्याआड काहीतरी करत होती. डबीतल्या तुकड्यावर तिनं दिवा धरला, फोननं फोटो काढला, मग बराच वेळ फोनच्या पडद्यावर बोटं फिरवत राहिली. फोटोतला सगळा रंग तिनं काढून टाकला. लाल रेघेचा उजेड तेवढा ठेवला आणि पांढरा केला. मग काहीही न सांगता फोन काकांच्या हातात दिला.

काळ्या पार्श्वभूमीवर एक पांढरी रेघ होती. सरळ, भरीव, एका कडेला चेपलेली. तिच्या काठाला धुकं होतं आणि मधोमध ती इतकी उजळ होती की काकांनी फोन जरा लांब धरला.

"ही ती?"

"हीच."

"दरवेळी असायची इथे? एवढी?"

"दरवेळी," बाई म्हणाल्या.

काका बघत राहिले. फोनचा पडदा आपोआप अंधारला, तेव्हा टकळीनं पुढे होऊन त्यावर बोट टेकवलं आणि तो पुन्हा उजळला. थोड्या वेळानं परत अंधारला, तिनं परत बोट टेकवलं. काकांचं बघून होईपर्यंत ती तशीच शेजारी उभी राहिली आणि एक शब्द बोलली नाही.